डोळ्यांची सुट्टी

"बाई, सैपाकाच्या खोलीले कोणता रंग घ्याचा?" असं लहानू पेंटरनं विचारलं, तेव्हा मीराबाईनं आधी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. गिलावा नुकताच वाळलेली भिंत होती, तिच्यावर गवंड्यानं कोळशानं मांडलेली कसलीशी मापं होती, आणि बिनदाराच्या चौकटीतून प्रताप नगरचं एप्रिलमधलं ऊन थेट आत येऊन बसलं होतं. म्हणजे विचारलं ते तिलाच. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला लोक आयुष्यभर काही ना काही विचारतच असतात. भाजी कसली केलीस, पोराचा ताप उतरला का, माझा सदरा कुठं ठेवला. पण रंग कोणता, हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यात तिचा नवरा एकतीस वर्षं मिलच्या रंगखात्यात सूत रंगवून घरी बसलेला. त्याच्या घरात रंगाचा विषय निघाला तर शब्द त्याचाच, हे इंदोऱ्याच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मीराबाईलाही ठाऊक होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. आता लहानूनं रंगाच्या चौकोनांचं लांबलचक कार्ड उलगडून तिच्या हातात दिलं आणि तिच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. लहानपणी जत्रेला निघायच्या सकाळी उडायचं तसं. या वयात हे कुठून आलं, म्हणून ती घाबरलीच.

खरं तर नवऱ्यानं, नत्थूजींनी, सगळं ठरवून दिलेलं होतं. बैठक पांढरी, बळीरामची खोली पांढरी, म्हाताराम्हातारीची खोली पांढरी. सैपाकाची खोली धुराची म्हणून तिला धुता येईल असा तेलाचा रंग, पण तोही पांढराच. मुलगा बळीराम हिंगण्याच्या कारखान्यात होता, सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढायचा आणि पाळी संपवून घामेजून उतरायचा. घराच्या भिंती उभ्या राहिल्या, बुद्धपौर्णिमेला त्यात राहायला जायचं, एवढ्यावर तो बेहद्द खूश होता. त्या भिंतींना काय फासायचं ते फासा. सून शामला प्राथमिक शाळेत शिकवायची. तिनं एकदा "मामाजी, एखादी खोली गुलाबी केली तं?" असं हळूच विचारून पाहिलं होतं. नत्थूजी नुसते हसले होते, आणि त्यांचं ते हसणं म्हणजे नकार, हे सुनेला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच उमगलं होतं. तर हे सगळं लहानूला बजावून नत्थूजी कड्याबिजागऱ्या आणायला सीताबर्डीवर गेलेले. पण लहानूचीही आपली एक रीत होती. बाकीच्या खोल्या मालक म्हणेल तशा. सैपाकाची खोली मात्र तो घरच्या बाईच्या तोंडून ऐकल्याशिवाय रंगवत नसे. ज्या घरी विचारलं नाही, तिथून दोन महिन्यांत बोलावणं येतं आणि सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं, असा त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता. पांढराच म्हणाले ना ते, असं मीराबाई म्हणाली.

"त्याईनं त्याईचं सांगतलं जी," लहानू म्हणाला. "तुमी तुमचं सांगा."

कार्डावर बोटाच्या पेराएवढे चौकोन होते आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत बारीक नाव. लहानू आपल्या पद्धतीनं वाचून दाखवू लागला, हा पिस्त्याचा, हा अबोली, हा ढगाचा. मीराबाईचं लक्ष नव्हतं. तिला रंगांची नावं येत नव्हती, पण रंग येत होते, आणि ते कसे येत होते हे सांगायचं तर इंदोऱ्याच्या त्या दोन खोल्यांमागची मोरी सांगावी लागली असती. मिलचा भोंगा वाजला की अर्ध्या तासानं नत्थूजी यायचे, ते पुढच्या दारानं नाही, मागच्या. दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरलेले, कोपरापर्यंत रंगलेले. मोरीशी उकिडवे बसायचे. कानतुटक्या वाटीत ब्लीचिंग पावडर, शेजारी लिंबाच्या साली. ते घासायचे आणि ही लोट्यानं पाणी घालायची. पहिल्या लोट्याला रंग दाट उतरायचा, दुसऱ्याला पातळ, सातव्या-आठव्याला नुसती झाक. आज लाल, आज किरमिजी, आज काळा. काळ्याच्या दिवशी पाणी जास्त भरून ठेवावं लागायचं. ते कशाचं सूत आहे, कुठं जाणार आहे, यातलं एक अक्षर दोघं बोलायचे नाहीत. तो दमलेला असायचा आणि हिचं लक्ष चुलीवरच्या भाकरीत. निदान तसं तिला वाटायचं. पण भाकरी करपायच्या, त्याअर्थी लक्ष भाकरीत नसावं.

मग हात पुसून नत्थूजी आत येऊन भिंतीला टेकायचे, डोळे मिटून घ्यायचे, उघडायचे, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत म्हणायचे, "डोळ्याले सुट्टी झाली." दिवसभर हौदावर उभं राहून लालातला लाल आणि निळ्यातला निळा निवडणारा माणूस, त्याला घरी रंग नको असायचा. ते वर्षातून दोनदा स्वतःच्या हातानं चुना लावायचे, त्यात बेतानं नीळ टाकून. सगळ्या गल्लीत त्या दोन खोल्यांसारख्या पांढऱ्या खोल्या नव्हत्या. येणारा-जाणारा वाखाणायचा, आणि मीराबाईलाही अभिमान वाटायचा. नवऱ्याच्या डोळ्यांना विसावा देणारं घर आपण राखतो, ही काय थोडी गोष्ट झाली. नाही म्हणायला, दुपारी सगळी निजानीज झाल्यावर गहू निवडत ती एकटीच बसलेली असायची, आणि समोर ती भिंत. डावीकडे तीच. उजवीकडे तीच. चुन्याची पापडी सुटून परातीत पडायची, पदराला लागायची. अशा वेळी कधीतरी तिच्या मनात यायचं की त्यांच्या डोळ्यांना सुट्टी मिळते हे खरं, पण आपल्या डोळ्यांना दिवसभर कामच नाही, मग सुट्टी कसली? हे मनात आलं की ती लगेच उठायची आणि काहीतरी करायला घ्यायची. तिला माणसाचा राग यायचा नाही. भिंतीचा यायचा, आणि भिंतीचा राग सांगायचा कोणाला?

दीक्षेच्या वर्षी तर पांढऱ्याला आणखी मान आला. आदल्या संध्याकाळी नत्थूजींनी मोरीवर तासभर हात घासले. दुसऱ्या दिवशी पांढरं धोतर, पांढरा सदरा, तिचं पांढरं लुगडं. सगळी गल्लीच्या गल्ली पांढरी होऊन निघायची होती, आणि ह्या माणसाच्या हातावर पिवळा. त्या आठवड्यात खात्यात पिवळा चालू होता, चांगला हळदीसारखा. पाणी घालून घालून तिचा हात भरून आला. शेवटी कातडीवरून गेला, नखांच्या कडेला तेवढा राहिला, फिका, लिंबाच्या फुटव्यासारखा. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं होतं. ते दुसऱ्या दिवशी मैदानावर त्या अफाट गर्दीत हात जोडून उभे राहिले, आणि मीराबाईला इतक्या पांढऱ्यात ती दहा पिवळी नखं दिसत होती. तिचा आनंद मावत नव्हता. सगळ्यांच्या अंगावरून काहीतरी जुनं, जड उतरत होतं, बायका रडत होत्या, तीही रडत होती, आणि रडता रडता मनाशी म्हणत होती, राहिलं ते बरंच झालं, एवढ्या लाखांत मला माझा माणूस ओळखता येतो. हे तिनं त्यांना सांगितलं नाही. तेव्हा ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

लहानू बिडी विझवून पुन्हा समोर उभा राहिला. मीराबाईचं बोट कार्डाच्या हिरव्या रांगेवरून निळ्या रांगेवर गेलं, परत हिरव्यावर आलं. "यात नाई तो," ती म्हणाली, आणि आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं. म्हणजे तिच्या मनात कोणता तरी होता. लहानूनं विचारलं, कसा आहे तेवढं तर सांगा, मिसळून काढू. तिनं सांगायचा प्रयत्न केला. हिरवा, पण झाडाचा नाही. निळ्याकडे झुकलेला, पण मोरपंखी नव्हे, मोरपंखी चमकतो, हा चमकत नाही. खोल आहे. विहिरीत वाकून पाहिलं तर काठच्या शेवाळाच्या खाली जिथं पाणी सुरू होतं तिथला. लहानू मान हलवत होता, पण त्याला काही कळत नव्हतं हे तिला दिसत होतं. हा रंग नीट ओळखणारा जगात एकच माणूस होता, आणि त्यालाच तर पांढरा हवा होता.

तो रंग खाप्याचा. बळीरामच्या वेळी ती माहेरी होती, खाप्याला. मूल झाल्याचा निरोप मिलच्या फाटकावर पोचला तेव्हा पाळी अर्ध्यावर आली होती, आणि नत्थूजी तसेच निघाले. सावनेरपर्यंत मोटर, पुढं पायी, नदीकाठच्या वाटेनं. आले तेव्हा ऊन कललं होतं आणि दारातून तिरपं आत येत होतं. दारात ते उभे राहिले आणि तिला आधी चेहरा दिसलाच नाही, हात दिसले. कोपरापर्यंत तो रंग. आयुष्यात पहिल्यांदा ते हात न धुता पुढच्या दारानं आले होते. तिच्या आईनं, पार्वतीबाईनं, आधी हात धुवा जावईबापू म्हणून तांब्या पुढं केला. पण त्यांनी ऐकलंच नाही, बाळ उचललंच. घामानं ओल्या झालेल्या त्या हातांची दहाच्या दहा बोटं बाळाच्या पांढऱ्या दुपट्यावर उमटली. बायका कुरकुरल्या. नत्थूजी ओशाळले, मग मोरीवर जाऊन बसले. पण त्याआधीचा एक क्षण होता. तिरपं ऊन, त्यात ते दोन खोल रंगाचे हात, आणि त्यात लालबुंद, चिडलेला, एवढासा बळीराम. मीराबाईला तेव्हा वाटलं होतं की आता आणखी काही नाही मिळालं तरी चालेल. दुपट्यावरचे डाग चार धुण्यांत गेले. तिनं ते मुद्दाम हळू हातानं धुतले होते, तरी गेलेच.

दुपारभर ती खिडकीच्या कट्ट्यावर बसून वाक्य जुळवत राहिली. तुमची हरकत नसेल तर, असं एक सुरू व्हायचं. सहज विचारते, असं दुसरं. प्रत्येक वाक्य शेवटी त्याच ठिकाणी जाऊन अडायचं, की तीस वर्षं मला पांढरा नको होता. माणसानं आपल्या हातानं, कमरेत वाकून, वर्षातून दोनदा लावलेला चुना. त्यात नीळ बरोबर पडावी म्हणून केलेली ती नाजूक चिमूट. सगळ्यावर हे एक वाक्य ओतायचं. शिवाय हे दिवसही तसे नव्हते. नोकरी सुटून आठ महिने झाले होते आणि नत्थूजी पाहुण्यासारखे घरात वावरत होते. भोंगा वाजला की उठून उभे राहायचे, मग आठवायचं, मग बसायचे. हात मांडीवर ठेवलेले असायचे, स्वच्छ, नखं सुद्धा गोरी. मीराबाईला त्या हातांकडे बघवायचं नाही. अशा माणसाला आता घर पांढरं नको म्हणायचं? तिनं ठरवलं, नाही म्हणायचं. पांढरं तर पांढरं. मग पुन्हा ते टुणकन उडालं आणि ठरवलेलं सगळं विस्कटलं.

ऊन उतरल्यावर नत्थूजी आले. बाहेर उरलेल्या विटांच्या चवडीवर दोघं बसली, तिनं सुरईतलं पाणी दिलं. समोर मोकळं रान होतं, मधूनमधून एखादं अर्धवट घर, दूर रस्त्यावरून हिंगण्याची बस धूळ उडवत गेली. लहानूनं मला विचारलं, असं तिनं सांगितलं. काय विचारलं, तेही सांगितलं. जुळवून ठेवलेलं एकही वाक्य वेळेवर आठवलं नाही.

"मले सैपाकाची खोली पांढरी नको," ती म्हणाली. "तुमी खाप्याले हात न धुता आलते ना, तो रंग पाह्यजे मले."

नत्थूजींनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. समोर बघत राहिले. बराच वेळ गेला. आपण उभं राहिलेलं घर पाडलं, असं मीराबाईला वाटलं. शेजारच्या अर्धवट घरावर एक कावळा येऊन बसला, उडाला, दुसरा आला. तिनं चोरून पाहिलं. ते अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर हळूहळू चोळत होते, चिमटीत सूत धरून बघावं तसे.

"त्यात काळा होता वं," ते म्हणाले. "थोडासाच. चिमूटभर."

मीराबाईला क्षणभर समजेचना. मग समजलं, आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. हा माणूस दुखावून गप्प बसला नव्हता. हा इतका वेळ इथं नव्हताच. तो रंगखात्यात होता, तीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी आपल्या हौदासमोर उभा होता आणि आपण काय काय घातलं ते आठवत होता. ते सांगू लागले. तो चादरींच्या पट्ट्यांचा माल होता. मुकादमाचा नमुना नुसता हिरवा होता, पण त्यात निळा घातल्याशिवाय तो उभा राहत नव्हता, आणि निळा घातला तर उथळ वाटत होता, म्हणून काळा. तीन दिवस चालला होता. तिसऱ्या दिवशी निरोप आला. बोलता बोलता त्यांचे हात हवेत फिरू लागले, सूत बुडवू लागले, पिळू लागले, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ते हात मीराबाईला ओळखीचे वाटले. उठताना त्यांनी एवढंच विचारलं, इतकी वर्षं बोलली काहून नाहीस. तुमच्या डोळ्यांना सुट्टी हवी होती ना, ती म्हणाली. त्यावर त्यांनी मान हलवली आणि कडीबिजागऱ्यांची पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी लहानूनं पांढऱ्या तेलरंगाचा डबा फोडला आणि रंगाच्या नळ्या मांडल्या. नत्थूजींनी बाह्या कोपरावर सारल्या. लहानू वीस वर्षांचा पेंटर, पण त्या दिवशी डबा ढवळायचं काम तेवढं त्याच्या वाट्याला आलं. हिरवा पिळला, निळा पिळला, मग पुन्हा हिरवा. काडीनं नाही, बोट बुडवून, उजेडात धरून. मग काळा, अगदी मोहरीएवढा, मग आणखी एक मोहरी. कपाळावर घाम, तोंडातून जुन्या लोकांची नावं निघत होती, हे दादाजीनं पाहिलं असतं तर, तो मुकादम असता तर. मीराबाई चौकटीशी उभी राहून बघत होती. तिचं लग्न झालं तेव्हाही तिनं या माणसाला रंगखात्याचं काम करताना पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मिलच्या फाटकाच्या आत बायकामाणसानं काय म्हणून जायचं? तीस वर्षांच्या संसारात तिला हे आज दिसत होतं, की हा माणूस रंग करताना ओठ दुमडतो, बळीराम कुलूप उघडताना दुमडतो तसे.

एका जागी येऊन लहानूनं काडी थांबवली. बस झालं, गहिरा होतो आहे, असं तो म्हणाला. नत्थूजींनी आणखी निळा घेतला. लहानूनं पुन्हा सांगितलं, हा तेलाचा आहे, हा जसा लावला तसाच राहतो, चुन्यासारखा उतरत नाही. नत्थूजी हसले. तेच ते नकाराचं हसणं. रंगखात्यात त्यांची सगळी कीर्ती याच गोष्टीवर होती. ओलं सूत नेहमी गडद दिसतं, वाळलं की दोन पायऱ्या उतरतं; म्हणून नमुन्याच्या दोन पायऱ्या पुढं जाऊन थांबायचं, आणि कुठं थांबायचं हे ज्याला कळतं तो खरा. एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही हौदाचा माल परत आला नव्हता.

"ओला रंग खोटं बोलते, लहानू," ते म्हणाले. "तू वाळल्यावर पाह्य."

मीराबाईला त्यांनी भिंत बघू दिली नाही. ओलं असताना पाहिलंस तर मन खट्टू होईल, उद्या पाहा, म्हणून तिला चक्क बाहेर घालवलं. ती गेली. ती लग्नातही इतकी आज्ञाधारक नव्हती. दुपारचं ऊन असं तापलं होतं की भिंतीचं सोडा, माणूसही वाळून गेला असता. संध्याकाळी इंदोऱ्याला परतताना बसमध्ये नत्थूजींनी हात मांडीवर ठेवले होते, घासलेटनं अर्धवट पुसलेले, मनगटापर्यंत माखलेले. शेजारची बाई पदर आवरून सरकून बसली. नत्थूजींना त्याचं काहीच वाटलं नाही, उलट ते जरा ऐटीतच बसले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून सकाळी शामलाही मागून डबा घेऊन येणार होती. नत्थूजी आणि मीराबाई पहिल्या बसनं आले. ते आधी आत गेले. ती अंगणात थांबली, पाय धुतले, पदर सारखा केला, उगीच. आतून काहीच आवाज आला नाही. मग ते बाहेर आले आणि विटांच्या चवडीवर बसले. आठ महिने ज्या पद्धतीनं बसत होते त्याच पद्धतीनं.

"चुकलं," ते म्हणाले.

रंग उतरला नव्हता. लहानू म्हणाला तसाच होता, लावला तसा, दोन पायऱ्या गडद. ते तुटक तुटक सांगत होते. चादरीची ती पट्टी अशी नव्हती, सौम्य होती, नजरेला थंड होती. हा भलताच खोल झाला. खरवडून काढू, लहानूला सांगू, पुन्हा करू, नाहीतर पांढराच देऊ. एकतीस वर्षांत नाही चुकलो आणि तुझ्या एका भिंतीला चुकलो, असं ते म्हणाले. लहानू शहाणा माणूस. तो मी सांगितलं होतं असं काहीच म्हणाला नाही, नळावर कुंचे धूत राहिला. मीराबाईनं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि ती आत गेली.

सैपाकाच्या खोलीची खिडकी पूर्वेला होती. ऊन तिरपं येऊन भिंतीवर पडलं होतं. ती उंबऱ्यातच थांबली. आधी काही सुचलंच नाही. नुसतं गार वाटलं, पायापासून वरपर्यंत. मग खाप्याचं दार, शेणानं सारवलेली जमीन, पार्वतीबाईच्या हातातला तांब्या, बाजेचा करकर आवाज, दुधाचा आणि ओल्या कापडाचा वास, सगळं आपापल्या जागी येऊन बसलं, आणि मधोमध तो रंग. कमी नाही, जास्त नाही. झाडाचा नाही, मोराचा नाही. शेवाळाच्या खाली पाणी सुरू होतं तिथला. तिला मोठ्यानं हसू आलं. ती एकटी उभी राहून हसत होती आणि बाहेरच्या दोन पुरुषांना वाटलं बाईला काहीतरी झालं. तिनं हाक मारली. नत्थूजी दारात येऊन उभे राहिले, आत यायला तयार नव्हते.

"हाच," ती म्हणाली.

ते मान हलवू लागले. समजूत काढू नकोस, मला कळतं, ती पट्टी अशी नव्हती.

"पट्टी मी कुठं पायली? तुमचा कपडा कधी आपल्या घरी आला?" मीराबाई म्हणाली. "मी तं तुमचे हात पायले."

नत्थूजी उंबरा ओलांडून भिंतीजवळ आले. सूत एकदा बुडतं, फार तर दोनदा, आणि वाळायला जातं. हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बुडत राहतात, तीन तीन दिवस. सूत उतरतं, हात चढत जातात. हे त्यांना कळायला काही फार वेळ लागला नाही; एकतीस वर्षं कधी कळलं नव्हतं एवढंच, कारण सुताकडे ते डोळ्यांत तेल घालून बघायचे आणि हातांकडे फक्त धुवायला. त्यांनी दोन्ही हात समोर धरले. नखांत, बोटांच्या पेरांत, मनगटाच्या सुरकुत्यांत कालचा रंग होता. त्यांनी हातांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा हातांकडे. मग ते हसले. हे हसणं नकाराचं नव्हतं, हे मीराबाईच्याही फारसं ओळखीचं नव्हतं.

तेवढ्यात शामला डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. "मामाजी, हा कोणी निवडला?" तिनं विचारलं. नत्थूजींनी नुसतं बोट दाखवलं. सून सासूकडे बघतच राहिली आणि मग तिच्या गळ्यातच पडली, डब्यासकट. लहानूनं संधी साधली. बाकीच्या खोल्यांचं काय, त्यानं विचारलं, चुना भिजवू का?

नत्थूजी भिंतीपासून न हलता म्हणाले, "तिले विचार."

मीराबाई उंबऱ्यावर बसली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सांगितलं, बैठकीला पिवळा, दीक्षेच्या आदल्या संध्याकाळचा. पण हातावरचा नव्हे, घासून घासून नखात उरला होता तेवढाच फिका. ती दहा नखं तिनं गर्दीत कशी शोधली तेही सांगितलं. नत्थूजी ऐकत होते, मान खाली घालून. बळीरामच्या खोलीला शामलाचा गुलाबी. तो कधीतरी एका होळीच्या सुमारास आठवडाभर चालला होता, तो ह्यांना आठवेल. आणि आपली खोली पांढरी राहू द्या, ती शेवटी म्हणाली, तुमच्या डोळ्यांना सुट्टी हवी.

नत्थूजी तिच्याशेजारी उंबऱ्यावर येऊन टेकले. शामलानं डब्यातून आणलेला चहा झाकणात ओतून पुढं केला. मीराबाईचा हात सवयीनं लोट्याकडे गेला, आणि तिनं तो मागं घेतला. त्यांनी तसंच, त्या हातांनी, झाकण धरलं.

"आठ महिने झाले वं, सुट्टीच सुट्टी हाय," ते म्हणाले. "आता काम दे डोळ्याले. आपल्या खोलीचा सांग."

मीराबाईनं डोळे मिटले. मोरीतून वाहून गेलेल्या एकतीस वर्षांच्या संध्याकाळी तिच्यासमोर उभ्या राहिल्या, एकेका लोट्यासकट. त्यांतली कोणती आधी घ्यावी हे तिला ठरवता येईना, म्हणून तिनं अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.